जागेवरचा आवाज

वाघाची डरकाळी ज्याच्या गळ्यातून निघायची, तो माणूस दुकानात साबण मागताना तोंडावर रुमाल धरायचा आणि खोकल्याचं सोंग करायचा.

पडद्यावरच्या त्या वाघाला कोण ओळखत नव्हतं? रुंद छाती, झुबकेदार मिश्या आणि नजर अशी, की खलनायकाची पाचावर धारण बसावी. आवाज तर विचारूच नका. खालच्या पट्टीत तो नुसता "थांब!" म्हणाला, की थिएटरात पॉपकॉर्न चावणारेसुद्धा थांबत. फक्त तो आवाज त्याचा नव्हता. तो होता त्याच्या मेव्हण्याचा, बायकोच्या धाकट्या भावाचा. त्याला घरात सगळे 'घसा' म्हणत. वाघाचा स्वतःचा आवाज पिपाणीसारखा होता. पहिल्या चित्रपटाच्या निर्मात्याने तो ऐकला आणि कपाळावर हात मारून घेतला. तेव्हा घशाच्या ताईने, म्हणजे वाघाच्या बायकोने, भावाला दंडाला धरून डबिंगच्या खोलीत ढकललं. तिथून तो आजतागायत बाहेर आलाच नाही म्हणा ना.

घसा वाघाला 'दाजी' म्हणायचा आणि त्याचा दाजींवर जीवही होता. माणूस साधा होता. शूटिंगच्या वेळी दाजी संवाद पाठ करायचेच नाहीत. आवाज नंतरच भरायचा आहे, तर आत्ता ओठ हलले म्हणजे झालं, असा त्यांचा हिशेब. म्हणून ते पाढे म्हणायचे. प्रेमाच्या प्रसंगाला बेचा, मारामारीला तेवीसचा, आणि आई मरते तिथे एकोणतीसचा, कारण एकोणतीसचा म्हणताना त्यांच्या डोळ्यांत आपोआप पाणी यायचं. मग घसा काळोख्या खोलीत पडद्यावरचे ते ओठ बघत बघत पाढ्यावर संवाद बसवायचा. इतकी वर्षं ते ओठ पाहून पाहून त्याला अशी सवय जडली होती, की दाजी समोरच्या टोकाला नुसते पुटपुटले तरी याला शब्द न् शब्द कळायचा.

हे सगळं बाहेर कुणाला माहीत नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे ताईंचं ब्रीद. तेव्हा घशाला घराबाहेर तोंड उघडायची बंदी. बसमध्ये तो हातवारे करायचा. डॉक्टरकडे गेला तर कुजबुजायचा आणि डॉक्टर उगाच त्याच्या घशातच बॅटरी मारून बघायचे. एकदा कुणीतरी पायावर पाय दिला आणि याच्या तोंडून खणखणीत "अहो!" निघालं, तर अख्खी रांग मागे वळून वाघाला शोधू लागली. ताईंनी तिथल्या तिथे दंडाला चिमटा काढला. "हळू! लोक ऐकतायत!" हे वाक्य त्याने आयुष्यात इतक्यांदा ऐकलं होतं, की स्वप्नातसुद्धा तो कुजबुजायचा. याचं लग्न राहिलं तेही त्यामुळेच. न बोलता लग्न टिकतं असं अनुभवी लोक सांगतात, पण जमायला तरी चार शब्द लागतातच.

आता हा वाघ पर्यावरणवादी कसा झाला, तीही गंमतच. एका वृक्षारोपणाच्या कार्यक्रमाला दाजी पाहुणे म्हणून गेले होते. नुसतं रोप लावायचं आणि हात जोडायचे, असं ठरलं होतं. पण निवेदकाने ऐन वेळी माइक त्यांच्या तोंडापुढे धरला. "वाघसाहेब, दोन शब्द!" पहिल्या रांगेतून ताईंनी ओठांवर बोट ठेवून खूण केली, गप्प बसा म्हणून. दाजी घाबरलेले. त्यांनी तीच खूण जशीच्या तशी केली, ओठांवर बोट ठेवलं, डोळे मिटले आणि उभे राहिले. सभा स्तब्ध झाली. झाडावर कुठेतरी पाखरं किलबिलत होती, ती सगळ्यांना ऐकू आली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत ठळक मथळा: 'निसर्ग बोलू दे! वाघाचं मौन.'

झालं! बोलावण्यांची रीघ लागली. हवामान बदलावर तोंडाला येईल ते बोलणारे नट पैशाला पासरी मिळतात, हा तर खरोखर न बोलणारा. दाजी गावोगाव जाऊन गप्प उभे राहू लागले. जाताना दोन गाड्या न्यायचे, एक स्वतःसाठी आणि एक बुटांसाठी. कुणी धुरावरून टोमणा मारलाच तर तेही मौनात खपून जायचं.

अशाच एका मौनाला एक दिग्दर्शिका येऊन बसली होती. ही बाई माहितीपट करायची. अंगाने काटकुळी, केस कसेतरी बांधलेले, आणि गळ्यात कायम हेडफोन. एका आटत चाललेल्या तळ्याचं चित्रण ती कित्येक वर्षं करत होती. डोंगरावरचा बर्फ दर साली उणा पडत होता, उन्हाळा लांबत होता, पाऊस भलत्याच वेळी येऊन भलतीकडेच कोसळत होता, आणि तळं किनाऱ्यापासून मागे मागे सरकत होतं. तिच्याकडे सगळं होतं. नव्हतं ते एवढंच, की तो चित्रपट दाखवायला कुणी तयार नव्हतं. ओळखीचा चेहरा आणा, मग बघू, असं थिएटरवाले म्हणत. आणि हा चेहरा तर मुकाट्याने ऐकणारा! बाई भाळली.

"तुम्ही एकच करायचं," घरी येऊन ती दाजींना म्हणाली. "जुन्या धक्क्यापासून निघायचं आणि पाण्यापर्यंत चालत जायचं. वाटेत जे वाटेल ते बोलायचं. मध्ये एकही कट नाही. आणि आवाज जागेवरचा."

"जागेवरचाच," ताई मान डोलावत म्हणाल्या. त्यांना वाटलं, खुर्चीवर बसून बोलायचा आवाज असावा.

"म्हणजे नंतर काहीही भरायचं नाही," बाईने खुलासा केला. "माझा एकच नियम आहे. जे घडलं ते, जसं घडलं तसं. कॅमेरा माझ्याशिवाय कुणी बंद करायचा नाही आणि घडलेलं कुणी बदलायचं नाही."

ताईंना आता अर्थ कळला, पण होकार देऊन झाला होता. बाई गेल्यावर घरात बैठक बसली.

"मी नाही जात," दाजी आपल्या खऱ्या आवाजात चिरकले. "लोक हसतील मला."

"जायचं," ताई म्हणाल्या. "आता नाही म्हटलं तर संशय येईल. अरे घशा, तू त्यांचा सेक्रेटरी म्हणून बरोबर जा. माइक तू लाव. तुला सांगायला हवं का?"

सांगायला नको होतं, आणि हीच तर घशाची पंचाईत होती. फसलं तर काय काय बुडणार, ते त्याला लख्ख दिसत होतं. दाजींची अब्रू, ताईंचा थाट आणि स्वतःच्या पोटापाण्याचा धंदा. साधलं तर? साधलं तर हा रुमाल मरेपर्यंत तोंडावर. त्या रात्री जेवताना त्याला आपल्याच मनातली गोष्ट पहिल्यांदा धडपणे कळली. फसू नये असं त्याला वाटत होतं, आणि साधू नये असंही वाटत होतं.

तळ्यावर पोचले तेव्हा उन्हं वर आली होती. तळं कसलं, नजर पोचेल तिथवर खुरटं गवत आणि भेगाळलेली माती. धक्क्याची लोखंडी शिडी हवेतच लोंबत होती. नावा जागच्या जागी कलंडल्या होत्या आणि एका नावाड्याने आपल्या नावेत कोंबड्या पाळल्या होत्या. पाणी म्हणाल तर लांबवर चकाकणारी एक रेघ.

बाईचा फौजफाटा म्हणजे ती स्वतः आणि एक कॅमेरामन. दोघांच्याही कानांवर हेडफोन. "साहेबांना परक्याचा हात लागलेला चालत नाही," असं रुमालाआडून कुजबुजत घशाने माइक मागून घेतला. दाजींच्या कॉलरला त्याने एक बिनकामाचा माइक अडकवला आणि खरा आपल्या बाहीत सरकवला. धुळीचा त्रास होतो म्हणून तोंडावर रुमाल होताच. कॅमेरामन उलटा चालणार, बाई त्याला कंबरेला धरून वाट दाखवणार, आणि सेक्रेटरी चौकटीबाहेर, दाजींचे ओठ दिसतील असा चार पावलं बाजूने चालणार. वारा असा भणाणत होता, की शेजारच्याचं बोलणं शेजारच्याला कळू नये. देव पाठीशी आहे, असं ताई म्हणाल्या आणि धक्क्यावर छत्री उघडून बसल्या.

"चालू," बाई म्हणाली.

दाजी निघाले. ओठ हलू लागले. तेराचा पाढा. घशाने बाही तोंडाशी नेली आणि ताईंनी खास संवादलेखकाकडून लिहून आणलेलं भाषण सुरू केलं. "हे तळं नाही! हे धरणीमातेच्या डोळ्यांतलं आटलेलं पाणी आहे!" खर्जातला आवाज हेडफोनमध्ये घुमला. बाईने तोंड जरा वाकडं केलं, पण कॅमेरामनने अंगठा वर केला. तेरा साते एक्याण्णववर "अरे मानवा!" अगदी चपखल बसलं. घसा खूश झाला. कारागिराला आपलं काम आवडतंच, मग ते चोरीचं का असेना.

चौदाचा झाला, पंधराचा झाला. धक्का मागे पडला. गवतात एक जुनाट लाकडी खांब उभा होता, दोन पुरुष उंच, पूर्वी नावा बांधायचा. दाजी त्याच्यापाशी आले आणि त्यांची पावलं मंदावली. सोळा पाचे ऐंशी. सोळा सक... आणि पाढा थांबला.

घसा बोलतच होता. "या कोरड्या पात्रात आपली उद्याची..." पण डोळे सवयीने ओठांवर. ते ओठ पाढा म्हणत नव्हते. दाजींनी मान वर करून खांबाचं टोक पाहिलं, मग खालचं गवत पाहिलं, आणि ते ओठ जे म्हणाले ते घशाने वाचलं.

'अरे, मी इथे बुडालो होतो.'

दाजींचा पहिला चित्रपट या तळ्यावर झाला होता, हे घशाला माहीत होतं. नावेवरचं गाणं होतं म्हणे, आणि नाव उलटली होती. घरात तो किस्सा विनोद म्हणून सांगितला जायचा. आत्ता दाजींच्या चेहऱ्यावर विनोद नव्हता. ते खांबाला हात लावून उभे होते आणि बोलतच होते, पाढे सोडून, त्यांना येईल तसं.

आता बघा, घशाला हे सावरणं मुळीच कठीण नव्हतं. ओठ दिसत होते, शब्द कळत होते. तेच वाक्य खर्जात म्हणायचं, "मी इथे बुडालो होतो!", आणि थिएटर हललं असतं. उभं आयुष्य त्याने हेच केलं होतं. बाही तोंडाशी होती. श्वासही भरून झाला होता. पण त्याच्या मनात आलं, बुडाले दाजी, नाकातोंडात पाणी गेलं दाजींच्या, आणि मी कोण हे सांगणारा? त्याला एकदम लाज वाटली. त्याने बाही खाली केली आणि तोंड मिटलं.

हेडफोनमध्ये सामसूम झाली. बाईने हेडफोनच्या डबीवर चापट मारली, बटण फिरवलं, शेवटी वैतागून हेडफोन गळ्यात ओढला. आणि पातळ आवाज वाऱ्यातही फार लांब जातो.

"...हाच तो खांब!" दाजी चिरकत होते. "याला मिठी मारली म्हणून वाचलो. पाय खाली टेकेनात हो! या टोकाला धरलं होतं मी, त्या वरच्या टोकाला! आता बघा, माझ्या डोक्यावरून किती वर आहे ते! एवढं पाणी गेलं कुठे?"

बाईने दाजींकडे पाहिलं. कॉलरच्या माइकची वायर खिशाबाहेर लोंबत होती. तिने वळून सेक्रेटरीकडे पाहिलं.

"हा आवाज कुणाचा?" तिने विचारलं. "आणि मघाचा तो कुणाचा?"

दाजींना आत्ता कुठे भान आलं. त्यांनी घाईघाईने ओठांवर बोट ठेवून डोळे मिटले. पण ते मौन आता काय कामाचं? धक्क्यावरून ताई छत्री फेकून पळत निघाल्या होत्या आणि भेगेत पाय अडकून एकदा आपटल्याही होत्या.

घशाने तोंडावरचा रुमाल काढला. "हा आवाज दाजींचा," तो म्हणाला, आणि ती डरकाळी उघड्यावर आली तेव्हा नावेतल्या कोंबड्या फडफडल्या. "मघाचा माझा. सगळे चित्रपट माझे. म्हणजे तोंड त्यांचं आणि आवाज माझा. चूक आमची आहे बाई, पण आत्ता ते जे बोलले त्यातला शब्दही मी घातलेला नाही."

बाईचा पारा चढला. "मी इतकी वर्षं कशासाठी राबले?" ती म्हणाली. "यात एक जरी खोटं सापडलं ना, तर लोक काय म्हणतील कळतंय का? आवाज खोटा, म्हणजे तळंही खोटंच! बर्फही खोटा, उन्हाळाही खोटा! टपूनच बसलेत ते. गुंडाळा सगळं!"

दाजी मात्र डोळे उघडून हळूच म्हणाले, "पण बाई, बुडालो होतो ते खरं आहे."

तिने खांबाकडे पाहिलं. "किती खोल होतं?" तिने विचारलं, आणि तिचा सूर पार बदललेला होता.

"या, दाखवतो ना," दाजी म्हणाले आणि चालू लागले. इथे नाव उलटली, इथे नायिका रडत होती, इथे तिची चप्पल बुडाली. बोलत बोलत ते पुढे, घसा त्यांच्या शेजारी, बाई मागून, आणि दम लागलेल्या ताई सगळ्यांच्या मागून, "अहो, गप्प बसा की!" म्हणत. पाणी काही येईना. चालून चालून बोलणं संपलं, तरी येईना. शेवटी एकदाचे बूट चिखलात रुतले आणि समोर पाणी दिसलं, घोट्याएवढं, संथ. चौघेही तिथे नुसते उभे राहिले. मौन पाळायचं कुणी ठरवलं नव्हतं.

"झालं का बाई?" कॅमेरामनने डोळा न काढता विचारलं. "खांदा गेला माझा. तुम्ही कट म्हणालाच नाहीत."

बाईने आ वासला. नियम तिचाच होता! भांडण, कबुली, कोंबड्या, ताईंची छत्री, सगळं त्या एका सलग चित्रणात जसंच्या तसं आलं होतं. आवाजही होता, कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माइकवरचा. अगदी जागेवरचा.

ताईंनी मग पुष्कळ विनवण्या केल्या. एवढं कापा, तेवढं कापा, निदान मी पडते ते तरी कापा. बाई पेचात पडली होती. तिलाही ते कापायचं होतंच, खोटं कशाला बोला. पण कापलं तर तीही त्यांच्यातलीच झाली असती. शेवटी दाजीच म्हणाले, "राहू दे. मी इतकी वर्षं गप्प उभा राहिलो, ते घाबरून. आता हसू देत लोकांना." मग त्यांनी मेव्हण्याकडे पाहिलं. "पण तुझं काय रे? तुझा धंदा बसेल."

"बसू दे," घसा म्हणाला. त्याला भीती वाटली नाही असं नाही, चांगलीच वाटली.

पहिला खेळ दुपारचा होता. थिएटर भरलं होतं, कारण वाघाचं मौन सुटणार अशी हूल उठलेली. खांबापाशी पहिल्यांदा तो पिपाणीचा आवाज फुटला आणि हशा जो पिकला तो पिकलाच. कबुलीला लोक खुर्च्यांवर हात आपटत होते. ताई पडल्या तेव्हा शिट्ट्याही झाल्या. शेवटच्या रांगेत दाजींनी घशाचा हात घट्ट धरला होता. मग पडद्यावर ती माणसं चालू लागली. लोक हसतच होते. ती चालत राहिली. हसू कमी कमी होत गेलं. अजून पाणी नाही. कुणीतरी पुढे सरकून बसलं. अजून नाही. "अरे, आहे कुठे पाणी?" कुणी तरी अंधारात मोठ्याने विचारलं, आणि त्याला कुणीच गप्प केलं नाही. बुटांखाली तो चिखल वाजला तेव्हा थिएटरात श्वास ऐकू येत होते.

बाहेर ऊन होतं. दाजींभोवती घोळका जमला होता आणि ते चिरक्या आवाजात खांबाची उंची पुन्हा पुन्हा सांगत होते. ऐकणारे माना वर करत होते, जणू खांब तिथेच आहे. बाई पायऱ्यांवर बसून डोळे पुसत हसत होती. घोळक्यातून धक्के खात ताई आणि घसा रस्त्यावर आले. समोरून एक रिकामी टॅक्सी निघाली होती.

घशाचा हात सवयीने वर गेला. मग त्याने तो खाली घेतला, छाती भरून श्वास घेतला आणि भर रस्त्यात हाक मारली, "टॅक्सी! थांब!"

टॅक्सी थांबली. पलीकडचा ट्रक थांबला. सायकलवरची माणसं पाय टेकून वळून बघू लागली. ताईंचा हात आपोआप त्याच्या दंडाकडे गेला.

"अरे, हळू!" त्या म्हणाल्या. "लोक ऐकतायत!"

"ऐकू देत की, ताई," तो म्हणाला. रस्ताभर तो आवाज घुमला आणि घसा लहान मुलासारखा हसला.